विजयाची अंगठी कोणाची?

मरोदा सेक्टरात राहणाऱ्या माणसाला घड्याळ पाहण्याची गरज फारशी पडत नाही. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी आणि मोटारसायकलींनी भरतो. दल्ली-राजहऱ्याचे खनिज भरलेली गाडी मरोदा स्टेशनावरून खडखडत भट्ट्यांकडे निघाली की ऐकणाऱ्याला कारखाना चालू असल्याचे कळते. भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांतून आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आता या वसाहतीत वाढते आहे. संध्याकाळी त्यांची मुले, छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू आणि बंगाली घरांतील मुलांबरोबर, एकाच मैदानावर खेळतात. त्यांत कायम कामगाराचा मुलगा कोणता आणि ठेका कामगाराचा कोणता, हे खेळ चालू असेपर्यंत कोणी विचारीत नाही.

अशाच एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण साथी आम्हाला भेटला. त्याच्या अंगात आठवडी बाजारातून घेतलेला टी-शर्ट होता आणि त्यावर ‘स्टीलर्स’ असे लिहिलेले होते. त्याने विचारले, ‘‘दादा, हे स्टील म्हणजे आपलेच स्टील का?’’ आम्ही म्हटले, हो, आपलेच. पिट्सबर्ग हे अमेरिकेतील पोलादाचे शहर. तेथील फुटबॉल संघाचे नाव पोलाद कामगारावरून पडले, आणि शिरस्त्राणावर तो जे चिन्ह मिरवतो, ते अमेरिकन पोलाद उत्पादकांच्या संस्थेचे आहे. १९७० च्या दशकात या संघाने चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तो मैदानावर जिंकत होता, त्याच काळात आणि त्यानंतरच्या दशकात त्या शहराच्या आसपासचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. होमस्टेडचा जगप्रसिद्ध कारखाना १९८६ साली बंद झाला. संघ राहिला, नाव राहिले, टी-शर्टही राहिला. ज्याच्यावरून नाव पडले तो कामगार मात्र घरी बसला.

त्या साथीने पुढचा प्रश्न विचारला. ‘‘मग खेळाडूंचे बरे आहे म्हणायचे! त्यांना कोण घरी बसवणार?’’ हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. हे उत्तर केवळ खेळापुरते नाही, आपल्या गेटवरही त्याची गरज आहे, म्हणून ते आम्ही थोडे विस्ताराने मांडत आहोत.

सालगड्यालाही पाडवा असतो

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळायचे असते, प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे असते आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. खेळाडू डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्याला गाद्या बांधून मैदानात उतरतात, तरीही हाडे मोडतात. तेथील संघ धंदेवाईक आहेत आणि बहुतेक सर्व खाजगी मालकीचे आहेत. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मालकांना अफाट पैसा मिळतो. १९८७ साली असे अठ्ठावीस संघ होते.

खेळाडूंना पगार चांगला मिळत होता, हे खरे आहे. सामान्य अमेरिकन कामगाराच्या कित्येक पटींनी तो जास्त होता. म्हणूनच ‘लाखो मिळवणाऱ्यांना कसली आली युनियन?’ असे तेथील वृत्तपत्रेही तेव्हा म्हणत. परंतु पगाराचा आकडा पाहून कोणी कामगार ठरत नाही किंवा मालक ठरत नाही. कामाच्या अटी कोण ठरवतो, हे पाहावे लागते. १९८७ पर्यंत तेथील खेळाडूचा करार संपला तरी तो आपल्या मर्जीने दुसऱ्या संघाकडे सहजासहजी जाऊ शकत नसे. नव्या मालकाने जुन्या मालकाला भरपाई द्यावी, असा नियम होता. ही भरपाई इतकी जड असे की कोणी मालक दुसऱ्याच्या खेळाडूला हात लावीत नसे. विदर्भातील सालगड्याचे हाल आपल्याला ठाऊक आहेत. पण पाडव्याला साल संपले की सालगडीसुद्धा मालक बदलू शकतो. या लक्षाधीश खेळाडूला तो पाडवाही नव्हता.

शरीराचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. या खेळातील सर्वसाधारण खेळाडूची कारकीर्द चार वर्षेही टिकत नाही. पिट्सबर्गच्या त्या चारही विजेतेपदांत खेळलेला माइक वेबस्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. अखेरच्या वर्षांत त्याची स्मृती व विचारशक्ती ढासळली होती आणि कधी कधी तो स्वतःच्या गाडीतच राहत असे. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो, हे २००५ साली वैद्यकीय जगासमोर मांडले. त्यानंतर हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि भरपाईची तडजोड २०१५ साली न्यायालयात मंजूर झाली. खाणीतील धूळ फुप्फुसात साठते आणि रोलिंग मिलचा आवाज कान खातो. खेळाडूचे कारखान्याशी असलेले नाते याहून अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

बदली

या खेळाडूंची संघटना अमेरिकेच्या मध्यवर्ती कामगार महासंघाशी संलग्न आहे. १९८२ साली तिने संप केला आणि तो सत्तावन्न दिवस चालला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. त्या काळात खेळाडूंचा संप म्हणजे आपल्याला श्रीमंतांची लुटुपुटूची लढाई वाटली असती. परंतु मालकवर्ग दोन्हीकडे एकच धडा शिकत होता, तो म्हणजे लांबवा, थकवा आणि फोडा.

२२ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकन खेळाडू पुन्हा संपावर गेले. मुख्य मागणी करार संपल्यावर संघ बदलण्याच्या स्वातंत्र्याची होती. या वेळी मालक तयारीत होते. एक आठवड्याचे सामने रद्द झाले आणि पुढच्या आठवड्यापासून मालकांनी बाहेरून माणसे आणून मैदानात उतरवली. कोणी संघातून पूर्वी काढून टाकलेला, कोणी निवड न झालेला, कोणी दुसरीकडे नोकरी करणारा. काही हजार डॉलर हातात आणि एकदा तरी मोठ्या मैदानावर खेळल्याचे समाधान, एवढ्यावर ते आले. त्यांचे सामने अधिकृत धरले जातील आणि हंगामाच्या गुणांत मोजले जातील, असे मालकांनी जाहीर केले.

मुंबईच्या गिरण्यांत अशा माणसासाठी शब्द होता, बदली. सकाळी गेटवर यायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या मागावर उभे राहायचे, नसला तर घरी परत जायचे. वर्षानुवर्षे काम करूनही बदलीचा बदलीच. परंतु येथे एक फरक केला पाहिजे. आजारी कामगाराच्या जागी उभा राहणारा बदली हा आपला भाऊ आहे. संपावर गेलेल्याच्या जागी उभा केलेला बदली हे मालकाचे हत्यार आहे. माणूस तोच आणि त्याची भूकही तीच. तो भाऊ ठरणार की हत्यार, हे बऱ्याच वेळा संघटनेने त्याच्याकडे आधी पाहिले होते की नाही, यावर ठरते. १९८२ च्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, हे विसरता कामा नये. अमेरिकेतील खेळाडूंच्या संघटनेजवळ आपल्या बदलींसाठी अशी कोणतीही मागणी नव्हती.

अमेरिकेतील कायदाही मालकाच्या बाजूचा होता. आर्थिक मागण्यांसाठी संप झाला तर त्या जागी कायमचे नवे कामगार घेण्याची मुभा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३८ सालीच दिली होती. १९८१ साली रेगन सरकारने संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ केले, तेव्हा सर्व मालकांना इशारा मिळाला. होमस्टेडच्या पोलाद कामगारांनी तर १८९२ सालीच हे भोगले होते. तेथे बदली कामगार सैन्याच्या पहाऱ्यात कारखान्यात नेले गेले, आणि संप मोडल्यावर युनियनही मोडली.

एका संघाचा हंगाम

आता मुख्य गोष्ट. संप जसजसा लांबला तसतसे अनेक संघांतील कायम खेळाडू एकेक करून परतू लागले. डॅलसच्या संघातील मोठमोठी नावे रांग मोडून आत गेली. सगळ्या लीगमध्ये फक्त वॉशिंग्टनच्या संघात एकही कायम खेळाडू फुटला नाही. त्यात काळे होते, गोरे होते, दरवर्षी लाखो डॉलर मिळवणारे होते आणि नुकतेच आलेलेही होते. घर चालवण्याची ओढाताण त्यांतल्या काहींनाही झाली असेल. पण सर्वांचा निर्णय एक राहिला.

त्याच वेळी वॉशिंग्टनच्या व्यवस्थापनाने इतरांपेक्षा बरा असा बदली संघ उभा केला होता. या बदली संघाने तीन सामने खेळले आणि तिन्ही जिंकले. तिसरा सामना १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डॅलसला झाला. समोर डॅलसचे संप मोडून परतलेले नामांकित खेळाडू होते आणि इकडे सगळे बदली. निकाल १३–७, वॉशिंग्टनच्या बाजूने. खेळाडू म्हणून ही कामगिरी कोणालाही मानावी लागेल. कामगार म्हणून मात्र ती आपल्याला खुपते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या सामन्याच्या आधीच, १५ ऑक्टोबरला, संप संपला होता. मागणी पदरात पडली नव्हती. खेळाडू कामावर रुजू व्हायला गेले तर मालकांनी सांगितले की त्या आठवड्याची मुदत कालच संपली, आता पुढच्या आठवड्यात या, आणि या आठवड्याचा पगार विसरा. गेटपर्यंत जाऊन परत फिरवले जाण्याचा हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला वेगळे सांगायला नको.

मग वॉशिंग्टनचे कायम खेळाडू मैदानावर परतले. पंधरा सामन्यांच्या हंगामात संघाने अकरा जिंकले आणि चार हरले. बाद फेरीत शिकागो आणि मिनेसोटा यांना हरवले आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगो येथील अंतिम सामन्यात डेन्व्हरला ४२–१० असे चीत केले. एकट्या दुसऱ्या सत्रात त्यांनी पस्तीस गुण केले. त्या दिवशी डग विल्यम्स हा विजेत्या संघाचे सूत्रचालन करणारा पहिला काळा खेळाडू ठरला. काळा माणूस मैदानावर डोके चालवू शकत नाही, असे मानणाऱ्यांना ते उत्तर होते.

तीच एकजूट त्यांना अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेली, असे आम्ही म्हटले तर कोणी म्हणेल की युनियनवाले सगळीकडे युनियनच पाहतात. म्हणून जे सिद्ध आहे तेवढेच सांगतो. परतल्यावर इतर संघांत ‘तू गेलास, मी राहिलो’ याची धुसफूस होती. वॉशिंग्टनच्या खोलीत ती नव्हती, कारण तेथे गेलेला कोणीच नव्हता. सहकाऱ्याकडे नजर वर करून पाहता येणे, ही संपातली मिळकत मजुरीच्या पावतीवर दिसत नाही. ती पुढे कामात दिसते.

फिलाडेल्फियाचेही नाव घेतले पाहिजे. साठ हजारांवर माणसे बसतील अशा मैदानात बदली संघांचा सामना झाला तेव्हा अवघे ४,०७४ प्रेक्षक आले. बाहेर ट्रकचालकांच्या आणि इतर युनियनांच्या कामगारांनी पिकेटिंग केले होते. ज्यांना खेळाडूंपेक्षा कितीतरी कमी पगार होता, ते त्यांच्यासाठी रस्त्यावर उभे राहिले. ‘ते श्रीमंत, आम्ही गरीब’ असा हिशेब त्यांनी केला नाही. संप मोडण्याची पद्धत एकदा रुळली की उद्या ती आपल्या गोदामावर येईल, हे त्यांनी ओळखले. दूरचित्रवाणीचा पैसा मात्र मालकांच्या खिशात येतच राहिला आणि पगाराचा खर्च घटला. शेवटी या हिशेबानेच संप हरला.

मागणी पुढे मिळाली. न्यायालयात लढत लढत १९९२ साली ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या तडजोडीत करार संपल्यावर संघ बदलण्याचा हक्क मान्य झाला. त्याच्याबरोबर प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादाही आली. मालक एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने बांधून घेतो, हे तेथेही चुकले नाही.

एकतीस वर्षांनी आलेली अंगठी

त्या देशात विजेत्या संघातील प्रत्येकाला एक अंगठी देण्याची प्रथा आहे. १९८८ साली वॉशिंग्टनच्या कायम खेळाडूंना अंगठ्या मिळाल्या. ज्या बदली खेळाडूंनी अकरापैकी तीन विजय मिळवून दिले, त्यांना मिळाल्या नाहीत. काम झाले आणि मालकाने त्यांना रस्ता दाखवला. कायम खेळाडूंनीही त्यांना आपले मानले नाही आणि मानण्याचे कारणही नव्हते. क्लबने त्यांना अंगठ्या दिल्या त्या २०१८ साली, हंगामानंतर एकतीस वर्षांनी. तोपर्यंत ती माणसे म्हातारपणाकडे झुकली होती.

यावर आमचे मत काय? आमच्यात यावर वाद झाला, तो आम्ही लपवीत नाही. काहींचे म्हणणे असे की संपफोड्याला अंगठी देणे म्हणजे संपफोडीला बक्षीस देणे. काहींचे म्हणणे असे की त्यांनी घाम गाळला, विजय मिळवला, मग मान का नको? आमच्या मते दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला आहे. त्या माणसांना आधी नालायक म्हणून घरी पाठवले कोणी? मालकाने. संपाच्या दिवशी बोलावले कोणी? मालकाने. संप संपताच पुन्हा हाकलले कोणी? मालकाने. आणि त्या सगळ्या काळात संघटनेने त्यांच्याकडे पाहिले का? नाही. संघटनेची यादी कायम खेळाडूपाशी संपत होती. त्या यादीबाहेरचा माणूस मालकाच्या यादीत गेला, यात आश्चर्य नाही. ही चूक पोटात घालून त्यांना नुसते ‘संपफोडे’ म्हणणे सोपे आहे. त्याने पुढचा संप मात्र वाचत नाही.

पुण्याच्या नावाचा संघ

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे कोणाला वाटेल, म्हणून घराजवळचे उदाहरण देतो. २०११ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने हाच अमेरिकन खेळ भारतात धंदेवाईक पातळीवर आणण्याची घोषणा झाली. गुंतवणूकदारांत अमेरिकेतील माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि एक सिनेनट अशी नावे होती. त्यांतले माइक डिट्का हे १९८७ साली शिकागो संघाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांनी बदली खेळाडूंची पाठराखण केली म्हणून संपावरचे त्यांचेच खेळाडू दुखावले होते. २०१२ मध्ये पहिला हंगाम झाला. भारत आणि श्रीलंकेतील शहरांच्या नावाचे आठ संघ होते, त्यांत मुंबई ग्लॅडिएटर्स होता आणि पुणे मराठाज होता. पहिले विजेतेपद पुणे मराठाजने मिळवले.

पण तो हंगाम झाला कोठे? सामने श्रीलंकेत, कोलंबोला खेळवून चित्रित केले गेले आणि मग दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. पुण्याच्या नावाचा संघ जिंकला, तो पुणेकरांसमोर खेळलाच नाही. रग्बी, कबड्डी, मैदानी खेळ अशा दुसऱ्या खेळांतून आलेल्या मुलांनी अनोळखी खेळ थोड्या काळात शिकून घेतला आणि अंगावर मार झेलला. त्यानंतर हा लीग वर्षामागून वर्ष चालणारी गोष्ट म्हणून उभा राहू शकला नाही. ज्या मुलांनी त्यावर दिवस घातले, त्यांच्यासाठी दाद मागायला कोणती संघटना होती? एकही नव्हती. येथे सगळेच बदली होते, कायम कोणीच नव्हते.

प्रस्थापित खेळांतही चित्र फार निराळे नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५–०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० साली व्यवस्थापनाने तो संघच बंद केला. २०२५ साली देशातील सर्वोच्च फुटबॉल लीगचा हंगाम आयोजकांच्या करारातील घोळामुळे ठरल्या वेळी सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे, म्हणून निदान कोणी आवाज उठवला. क्रिकेटमध्ये २०१९ साली संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात उतरणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंची स्वतःची युनियन नाही. लिलावात बोली लागलेला माणूस कोट्यधीश असला तरी, हातोडा कोणाच्या हातात आहे हे पाहिले की त्याची जागा कळते.

कायद्याचेही पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येत पत्रकारांचा आणि विक्री प्रतिनिधींचा स्पष्ट उल्लेख आहे. खेळाडूचा नाही. त्याच संहितेने निश्चित मुदतीच्या नोकरीला कायदेशीर आसन दिले आहे. म्हणजे खेळाडूचा हंगामी करार आता कारखान्यात आला. खेळाडू आपल्यासारखा व्हायचा राहिला, आपणच खेळाडूसारखे झालो, आणि तेही त्याच्या पगाराशिवाय! एक गोष्ट मात्र आपल्याकडे अमेरिकेपेक्षा चांगली आहे. कायदेशीर संपाच्या काळात नवे कामगार भरती करणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. परंतु ठेकेदाराचा माणूस आधीपासूनच आत असेल तर नवी भरती करावीच लागत नाही. बदली खेळाडू बाहेरून आणण्याचे कष्ट अमेरिकन मालकाला पडले. आपल्याकडे तो गेटच्या आत, आपल्याच शेजारी, निम्म्याहून कमी मजुरीत उभा आहे.

मरोद्याच्या मैदानावर

भिलईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्राने तेव्हा केवळ पोलाद केले नाही. वसाहत, शाळा, इस्पितळ आणि मैदानेही उभारली. पळणाऱ्या, उडी मारणाऱ्या मुलाला नोकरी देऊन खेळ चालू ठेवू देणे ही त्या क्षेत्राची देणगी होती. रेल्वे, पोलाद, पोलीस, बँका यांनी देशाला किती खेळाडू दिले याची गणती नाही. त्या खेळाडूला हंगाम संपला म्हणून कोणी हाकलीत नव्हते. पायाला दुखापत झाली तर त्याच्या घरची चूल विझत नव्हती. आम्हाला विचाराल तर धंदेवाईक खेळाडूला सर्वांत मोठा हक्क द्यायचा तो हाच. नोकऱ्या आटल्या आणि ठेका वाढला तसा हा हक्कही आटत चालला आहे, आणि मैदानावरच्या मुलाला आता नोकरीऐवजी लिलावाचे स्वप्न दाखवले जाते.

ठेका कामगार संघटित होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मरोद्याच्या रुळांवरून थोडे पुढे जाऊन पाहावे. दल्ली-राजहऱ्याच्या ठेका खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर आपली युनियन उभी केली आणि पुढे आपल्या वर्गणीतून व श्रमातून इस्पितळही चालवले. मतभेद कोणाचे कोणाशी असोत, जे लोक कोणाच्याच यादीत नव्हते त्यांनी आपली यादी स्वतः केली, एवढे तरी मान्य करावे लागेल.

कामगार बंधू-भगिनींनो, आमच्या सूचना फार मोठ्या नाहीत. पहिली, आपल्या युनियनांनी ठेका कामगाराला सभासद करून घ्यावे, आणि मागणीपत्रकात त्याच्या मागण्या शेवटच्या पानावर ढकलू नयेत. दुसरी, संपाची नोटीस देण्यापूर्वी त्याच्या वस्तीत जाऊन सभा घ्यावी. संपाच्या दिवशी सकाळी गेटवर त्याची वाट अडवण्यापेक्षा हे अधिक कामाचे आहे. तिसरी, खेळाडूला कामगार म्हणून कायद्यात स्थान मिळावे, त्याचा विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि दुखापतीची भरपाई यांची मागणी महासंघाने आपल्या ठरावांत घ्यावी. चौथी सूचना अगदी घरची आहे. कामगार दिनानिमित्त आपण ज्या स्पर्धा भरवतो, त्यांत कायम कामगारांचा संघ वेगळा आणि ठेका कामगारांचा वेगळा अशी पद्धत काही ठिकाणी पडली आहे. ती बंद करावी. एका खात्यात एकत्र काम करणाऱ्यांचा एकच संघ असावा.

त्या टी-शर्टवाल्या साथीला आम्ही वॉशिंग्टनची ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दादा, एकतीस वर्षांनी अंगठी घेऊन मी काय करू? मला आत्ता संघात घ्या ना.’’

उत्तर द्यायची पाळी आता आपली आहे.